डायलिसिस सुरू झालं, आता ताट वाढवा

डायलिसिसवर असलेल्या माणसाच्या घरी महिन्याचा रिपोर्ट आला की सगळ्यांची नजर आधी क्रिएटिनिनवर जाते. ‘ताई, मागच्या महिन्यात अकरा होतं, आता साडेसातवर आलं,’ असं सांगताना मुलाचा आवाज हलका झालेला असतो. मी जळगावात किडनीच्या रुग्णांची आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आणि आठवड्यातला एक दिवस धुळ्याला जाते. दोन्हीकडे हा आनंद मला भेटतो. दोन्हीकडे मी त्या मुलाला जवळ बसवते आणि रिपोर्टमधली आणखी एक ओळ वाचायला सांगते. ती ओळ सीरम अल्ब्युमिनची.

क्रिएटिनिन हा स्नायूंमधून निघणारा टाकाऊ पदार्थ. किडनी काम करत असताना तो रक्तात वाढू लागला तर धोका, हे सगळ्यांना पाठ झालंय. पण किडनी थांबून मशीन लागलं की हिशेब बदलतो. मशीनचे तास तेवढेच आहेत, लघवी वाढलेली नाही, आणि तरीही डायलिसिसच्या आधी घेतलेल्या रक्तातलं क्रिएटिनिन महिन्यामागून महिना उतरतंय, तर बहुतेक वेळा त्याचा अर्थ एकच असतो: ते तयार करणारं मांसच अंगावरून उतरत चाललंय. अशा माणसाचं अल्ब्युमिनही पाहिलं तर ते खाली आलेलं दिसतं. घर आनंदात असतं आणि माणूस झिजत असतो.

म्हणून हा लेख. डायलिसिसवरचा माणूस किती जगेल याचा अंदाज देणाऱ्या रक्ताच्या नेहमीच्या तपासण्यांत अल्ब्युमिनचं स्थान फार वरचं आहे, आणि आपल्याकडे घरातल्यांना त्याचं नावही माहीत नसतं.

हे अल्ब्युमिन म्हणजे काय?

रक्तातल्या द्रवात जी प्रोटीन असतात, त्यांत सर्वांत जास्त प्रमाण अल्ब्युमिनचं. ते यकृतात तयार होतं, निरोगी माणसात दिवसाला साधारण १० ते १५ ग्रॅम. रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांच्या आत धरून ठेवणं हे त्याचं मुख्य काम. ते कमी झालं की पाणी बाहेर झिरपतं, पाय सुजतात, पापण्या जड होतात. डायलिसिस चालू असताना अशा रुग्णाचं पाणी काढायला गेलं की बीपी पटकन खाली येतं, कारण ऊतींमधलं पाणी रक्तात परत यायला तयार नसतं. शिवाय कॅल्शियम, बिलिरुबिन आणि कितीतरी औषधं अल्ब्युमिनला चिकटूनच शरीरभर फिरतात.

लोकांचा एक गोंधळ इथं सोडवते. ‘लघवीतून अल्ब्युमिन जातंय’ असं पूर्वी डॉक्टरांनी सांगितलेलं असतं. लघवीत अल्ब्युमिन सापडणं वाईट, रक्तात ते भरपूर असणं चांगलं. लघवीतलं अल्ब्युमिन म्हणजे गळती, रक्तातलं म्हणजे शिल्लक. मी बोलतेय ते शिल्लकीबद्दल.

प्रयोगशाळा रिपोर्टवर अल्ब्युमिनची सामान्य पातळी दर डेसिलिटरला साधारण ३.५ ते ५ ग्रॅम अशी छापते. इथंच नजरचूक होते. ३.६ आलं तर कागदावर ते ठळक अक्षरात येत नाही, बाजूला खूण नसते, सगळं ठीक वाटतं. पण डायलिसिसच्या रुग्णासाठी मी ३.६ ला ठीक म्हणत नाही. किडनीच्या आजारातलं पोषण आणि चयापचय यांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २००८ मध्ये या रुग्णांच्या झिजेची व्याख्या केली, तेव्हा रक्ततपासणीच्या निकषांत ३.८ च्या खालचं अल्ब्युमिन घेतलं. आमची धडपड ४ च्या आसपास पोहोचण्याची असते.

आकडे काय सांगतात?

१९९० मध्ये लॉरी आणि ल्यू या दोन अमेरिकन संशोधकांनी हिमोडायलिसिसवरच्या बारा हजारांहून अधिक रुग्णांच्या नेहमीच्या रक्ततपासण्या घेऊन, मृत्यूच्या धोक्याशी त्यांतल्या कशाचं नातं घट्ट आहे ते तपासलं. तेव्हा अल्ब्युमिन सगळ्यांच्या पुढे निघालं. तीन वर्षांनी, १९९३ मध्ये, ओवेन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. त्यात १३,४७३ रुग्ण होते. अल्ब्युमिन ४ ते ४.४ असलेल्यांशी तुलना केली तर ३.५ ते ३.९ असलेल्यांत मृत्यूची शक्यता साधारण दीडपट भरली, आणि ३ ते ३.४ असलेल्यांत तिपटीहून थोडी जास्त. रक्त किती साफ झालं हे सांगणारं युरियाचं प्रमाणही त्यांनी मोजलं होतं. त्याचाही संबंध दिसला, पण अल्ब्युमिनइतका नाही. आणि त्या रुग्णांपैकी ६० टक्के लोकांचं अल्ब्युमिन ४ च्या खाली होतं.

हे आकडे मी रुग्णाला घाबरवायला सांगत नाही. दोन गोष्टी नीट समजून घ्यायला हव्यात. पहिली, हे गटाचे आकडे आहेत, एका माणसाची पत्रिका नाही. ३.२ अल्ब्युमिन असलेली माणसं वर्षानुवर्षं डायलिसिसला येताना मी पाहिली आहेत. दुसरी, अल्ब्युमिन कमी असणं आणि मृत्यूचा धोका वाढणं हे बरोबरीनं चालतं म्हणून अल्ब्युमिन हेच मृत्यूचं कारण ठरत नाही. पातळी खाली आणणारं काहीतरी शरीरात चालू असतं, आणि माणसाला खाणारं ते असतं.

आमच्याकडे रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात विहिरीची पातळी खाली गेली की शेतकरी आधी कारण शोधतो. पाऊस कमी झाला का? मोटार जास्त चालली का? शेजारी खोल बोअर पडलं का? पातळी तीच दिसते, कारण वेगवेगळं असतं, आणि उपाय कारणावर ठरतो. अल्ब्युमिनची पातळी अशीच वाचायची.

पातळी का उतरते?

पहिलं कारण, खाणं पुरत नाही. रक्तात साठलेल्या युरियामुळे भूक मरते, तोंडाला धातूसारखी चव येते, मटणाचा-अंड्याचा वास नको होतो, रोजच्या मूठभर गोळ्यांनीच पोट भरल्यासारखं वाटतं. डायलिसिस पुरेसं होत नसेल, खेप चुकत असेल, तर हे आणखी वाढतं. म्हणून भूक गेली की मी आधी विचारते: खेपा पूर्ण होतात का? चार तासांचं डायलिसिस साडेतीन तासांत उठून संपवलं जात नाही ना?

दुसरं कारण, गळती. हिमोडायलिसिसच्या एका खेपेत साधारण ६ ते १२ ग्रॅम अमिनो आम्लं, म्हणजे प्रोटीनचे कच्चे घटक, मशीनमधून निघून जातात. पोटाच्या डायलिसिसमध्ये तर दररोज ५ ते १५ ग्रॅम प्रोटीन जातं. मधुमेहाच्या रुग्णाला अजून थोडी लघवी होत असेल तर तिथूनही जातं.

तिसरं कारण, दाह. हे सर्वांत जास्त दुर्लक्षित. शरीरात कुठंतरी जंतुसंसर्ग किंवा दाह चालू असला की यकृत आपलं काम बदलतं: अल्ब्युमिन कमी बनवतं आणि लढाईला लागणारी सीआरपीसारखी प्रोटीन जास्त बनवतं. शिवाय असलेलं अल्ब्युमिन लवकर मोडतं. चोपड्याकडचे एक आबा मला आठवतात. सून आहार अगदी वहीत लिहून सांभाळायची, पनीर, दही, अंडी सगळं मोजून. अल्ब्युमिन २.९ च्या वर जाईना. आबांच्या मानेतल्या कॅथेटरला कित्येक महिने झाले होते आणि डायलिसिस सुरू झालं की त्यांना थंडी वाजायची, हे सुनेनं सहज बोलताना सांगितलं. आम्ही ते लगेच डॉक्टरांच्या कानावर घातलं. रक्ताचं कल्चर झालं, प्रतिजैविकं झाली, हाताचा फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी जोडून घेतलेली रक्तवाहिनी, वापरायला तयार होता तो सुरू झाला, कॅथेटर निघालं. ताटात काहीही न बदलता पुढच्या काही महिन्यांत अल्ब्युमिन ३.६ वर आलं. तेव्हापासून कुठल्याही सुनेशी बोलताना ताटाबरोबर मी कॅथेटर, पायाची जखम, हिरड्या, दात, खोकला आणि संध्याकाळचा बारीक ताप हेही विचारते. डायलिसिसच्या रुग्णांत क्षयरोगाचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो, आणि तो पुष्कळदा फक्त भूक जाण्यातून आणि अल्ब्युमिन उतरण्यातून डोकावतो.

चौथं कारण, पाणी. दोन खेपांच्या मध्ये अंगात तीन-चार लिटर पाणी साठलं असेल तर रक्त पातळ होतं आणि अल्ब्युमिन आहे त्यापेक्षा कमी दिसतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या पुढं जातो, तेव्हा तहान आवरणं किती कठीण आहे हे मला ठाऊक आहे. तरीही त्या महिन्यांतले रिपोर्ट वाचताना हे ध्यानात ठेवावं लागतं.

पाचवं कारण, रक्तातलं आम्ल. बायकार्बोनेट कमी राहिलं की स्नायू मोडायला लागतात. ही तपासणी साधी आहे, उपायही साधे आहेत, ते डॉक्टर ठरवतात.

आणि रक्त कसं घेतलं यानंही आकडा हलतो. नमुना डायलिसिस सुरू व्हायच्या आधी घ्यावा, शक्यतो दर महिन्याला त्याच प्रयोगशाळेत द्यावा. अल्ब्युमिन मोजण्याच्या दोन प्रचलित पद्धती आहेत आणि त्यांचे आकडे एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत. एका महिन्यात ही लॅब आणि पुढच्या महिन्यात ती, असं केलं तर पातळी खरंच बदलली की पद्धत बदलली हे कळत नाही. ‘टोटल प्रोटीन’ हा आकडा पाहून निर्धास्त होऊ नका. दाहात ग्लोब्युलिन वाढतं, अल्ब्युमिन घटतं आणि बेरीज जशीच्या तशी दिसते.

उलटलेला सल्ला

माझ्या सगळ्या कामात मला एक गोष्ट सर्वांत जास्त सांगावी लागते, आणि माझ्या मते या भागात ती सर्वांत जास्त माणसांचं नुकसान करते. किडनी बिघडत असते पण डायलिसिस लागलेलं नसतं, तेव्हा डॉक्टर प्रोटीन कमी करायला सांगतात. ते बरोबर असतं. त्या टप्प्यावर ६० किलोच्या माणसाला, मधुमेह नसेल तर, दिवसाला ३३ ते ३६ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन सुचवलं जातं. त्यानं किडनीवरचा भार कमी होतो. मग एक दिवस डायलिसिस सुरू होतं, आणि त्या दिवसापासून सल्ला उलटा होतो. आता दर किलोला १ ते १.२ ग्रॅम, म्हणजे त्याच माणसाला ६० ते ७२ ग्रॅम प्रोटीन हवं. जवळजवळ दुप्पट. २०२० मध्ये आलेल्या अमेरिकेतल्या किडनी-पोषणाच्या मार्गदर्शक सूचनांत हेच प्रमाण आहे.

पण डायलिसिस सुरू होण्याचे दिवस म्हणजे घरात धावपळ, भीती, पैशांची जुळवाजुळव. त्या गडबडीत हा बदल कुणी सांगितला तरी कानावर पडत नाही. पहिला नियम मात्र मनात खोल बसलेला असतो. धुळ्यातल्या एका आक्कांना मी विचारलं, वरण का खात नाही? त्या म्हणाल्या, ‘डॉक्टरनी सांगेल शे, डाळ खावानी नही.’ ते सांगणं डायलिसिसच्या दोन वर्षं आधीचं होतं. आक्का सकाळी चहा-बिस्किट, दुपारी एक भाकरी आणि पातळ भाजी, रात्री मुगाची सैल खिचडी खायच्या. मी बेरीज केली तर दिवसाला वीस-पंचवीस ग्रॅम प्रोटीन भरत होतं. नवरा यंत्रमागावर, त्यानं घरातलं अंडंही बंद केलं होतं, तिला त्रास नको म्हणून. प्रेमापोटीच त्या घरानं तिला उपाशी ठेवलं होतं.

अशा वेळी वजनाचा काटाही फसवतो. मांस उतरतं आणि त्याच्या जागी पाणी साठतं, काट्यावर तेच ५८ किलो दिसतात. म्हणून मी कपडे विचारते. ब्लाऊजच्या बाह्या सैल झाल्या का? घड्याळ मनगटावरून घसरतं का? कानशिलं आत गेली का? आधी उचलायचा तो पाण्याचा हंडा आता उचलवत नाही का? ही उत्तरं मिळाली की डॉक्टर ड्राय वेट, म्हणजे जादा पाणी काढल्यावरचं वजन, नव्याने ठरवतात.

एक गोष्ट ठळकपणे सांगते: हा वाढीव प्रोटीनचा सल्ला फक्त डायलिसिसवर असलेल्यांसाठी आहे. किडनी कमजोर आहे पण डायलिसिस नाही, अशा माणसानं हा लेख वाचून ताट वाढवू नये.

खान्देशी ताटात काय ठेवायचं?

पोषणाची पुस्तकं परक्या ताटाची भाषा बोलतात. मला काम करायचं असतं ते भाकरी, वरण-बट्टी, भरीत, शेवभाजी आणि खान्देशी काळ्या मसाल्याच्या रश्शावर. म्हणून मी मोजमाप घरच्या भांड्यांतच देते. ज्वारीच्या एका मध्यम भाकरीत साधारण ८ ग्रॅम प्रोटीन. घट्ट वरणाच्या एका वाटीत ६-७. एका अंड्यात ६, त्यातल्या नुसत्या पांढऱ्यात साडेतीन. ५० ग्रॅम पनीरमध्ये ९ च्या आसपास. १०० ग्रॅम कच्च्या चिकनमध्ये वीस-बावीस. ३० ग्रॅम सुक्या सोयावडीत १५.

अंड्याचा पांढरा भाग डायलिसिसच्या रुग्णासाठी फार सोयीचा, कारण त्यात प्रोटीन उत्तम दर्जाचं आणि फॉस्फरस अगदी कमी. स्वस्तही आहे, उकडून डब्यात नेता येतं. जे खातात त्यांना मी दिवसाला तीन-चार पांढरे सांगते, आणि पिवळ्याचं काय करायचं ते त्यांचं कोलेस्टेरॉल आणि फॉस्फरस पाहून ठरवते.

पण इथं माळकरी घरं खूप आहेत, मुक्ताईनगरच्या वारीला जाणारी, अंड्याचं नाव न काढणारी. त्यांना मी अंड्यासाठी आग्रह करत नाही. एका नानांचं ताट आम्ही असं बसवलं: दोन वेळा घट्ट वरण, दुपारी घरच्या दुधाचं पनीर, रात्री वाटीभर दही, आठवड्यातून तीनदा सोयावडी, आणि साध्या भाकरीऐवजी कळण्याची भाकरी. कळण्यात ज्वारीबरोबर उडीद दळलेला असतो, त्यामुळे साध्या भाकरीपेक्षा दोनेक ग्रॅम प्रोटीन जास्त मिळतं. फक्त दळताना त्यात मीठ घालायचं नाही. डाळ आधी भिजवून ते पाणी टाकून दिलं की पोटॅशियम थोडं उतरतं. सोयाचा, डाळीचा फॉस्फरस शरीर पूर्ण शोषत नाही, तो मांसाहारापेक्षा कमी लागतो. खरी भीती बाटलीबंद काळी शीतपेयं आणि पाकीटबंद पदार्थांची, कारण त्यांत मिसळलेलं फॉस्फेट जवळजवळ सगळं रक्तात जातं. फॉस्फरस बांधणारी गोळी जेवताना, पहिल्या घासांबरोबर घ्यायची. जेवणानंतर तासाभरानं घेतली तर तिचा उपयोग उरत नाही.

भात-भाकरी-तेलही पुरेसं हवं. या रुग्णाला दर किलोला २५ ते ३५ कॅलरी लागतात, ६० किलोच्या माणसाला दिवसाला १५०० ते २१००. तेवढ्या मिळाल्या नाहीत तर खाल्लेलं प्रोटीन शरीर सरपण म्हणून जाळून टाकतं आणि अल्ब्युमिनला काही उरत नाही.

आणि केळी. आमच्या जिल्ह्याची ओळखच ती. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच वर्षी भरताच्या वांग्यालाही. पण एका मध्यम केळ्यात चारशे मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं, आणि लघवी बंद झालेल्या रुग्णात ते साठून हृदयाचे ठोके थांबवू शकतं. आखाजीला आमरसाची वाटी पुढं येते तेव्हाही हेच सांगावं लागतं. वाटीभर भरीत मात्र बहुतेकांना चालतं, वांगं बटाट्या-पालकापेक्षा सौम्य आहे. त्यातलं मीठ कमी करा, सोबतचा पापड, बिबडी, लोणचं सोडा, कारण मीठ तहान वाढवतं आणि तहान पाणी वाढवते.

ताट वाढवलं आणि पुढच्याच आठवड्यात रक्त तपासलं, असं करून निराश होऊ नका. रक्तातल्या अल्ब्युमिनचं अर्धं आयुष्य साधारण २० दिवसांचं आहे. आज केलेला बदल कागदावर दिसायला दोन-तीन महिने लागतात.

बाटलीची विनंती

अल्ब्युमिन कमी आहे म्हटलं की नातेवाईक विचारतात, ‘मग बाटली लावून टाका ना.’ २० टक्क्यांच्या १०० मिलिलिटरच्या बाटलीत २० ग्रॅम अल्ब्युमिन असतं आणि ती महाग असते. काही खास प्रसंगी डॉक्टर ती वापरतात. पण दर महिन्याला बाटली लावून आकडा वर आणणं म्हणजे कारण तसंच ठेवून कागद सुधारणं. त्यानं रुग्ण जास्त जगतो असं सिद्ध झालेलं नाही. गुरं विकून त्या बाटल्या घेणारी माणसं मी पाहिली आहेत. त्या पैशात वर्षभराची अंडी, पनीर, दूध येतं.

व्यायामशाळेतली प्रोटीन पावडरही स्वतःच्या मनानं घेऊ नका, तिच्यात पोटॅशियम-फॉस्फरस किती हे पाहावं लागतं. डायलिसिसच्या रुग्णांसाठी वेगळी बनवलेली पावडर मिळते. जेवण खरंच जात नसेल तर ती उपयोगी पडते. २००७ मध्ये फ्रान्समधून आलेल्या एका अभ्यासात, १८६ कुपोषित डायलिसिस-रुग्णांना पूरक आहार दिला गेला. तोंडानं घेतलेल्या पूरक आहाराला शिरेतून दिलेल्या पोषणाची जोड दिल्यानं जगण्यात फरक पडला नाही. पण ज्यांच्या रक्तातलं प्रीअल्ब्युमिन, म्हणजे पोषण दाखवणारं आणखी एक प्रोटीन, वर चढलं त्यांचा टिकाव चांगला लागला. तोंडानं खाता येत असेल तर तोंडच वापरावं, हे माझं मत त्यानं पक्कं झालं.

मशीन पोहोचलं, डबा पोहोचायचाय

१९७५ मध्ये जयप्रकाश नारायण यांच्या किडन्या निकामी झाल्या, तेव्हा मुंबईच्या जसलोक रुग्णालयात त्यांचं डायलिसिस सुरू झालं आणि १९७९ मध्ये निधन होईपर्यंत ते त्यावरच होते. त्या काळी खान्देशातल्या शेतकऱ्यानं डायलिसिसचा विचारही केला नसता. आता चित्र पालटलंय. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत धुळे होतं. पुढच्या वर्षी ती राज्यभर आली आणि आज ती महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाते. केंद्र सरकारनं २०१६ च्या अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला. तेव्हाचा सरकारी अंदाज असा, की देशात दरवर्षी २ लाख २० हजार नवे रुग्ण किडनी पूर्ण निकामी होण्याच्या टप्प्याला पोहोचतात. आज गरीब माणसालाही मशीन मिळतं, ही फार मोठी गोष्ट आहे.

पण मशीनपर्यंतचा दिवस पाहा. पारोळ्याकडचा एक तरुण रिक्षावाला पहाटे उपाशी निघतो, महामार्गावरून जळगावला येतो, चार तास मशीनवर पडतो, थकून संध्याकाळी घरी पोहोचतो, चहा घेऊन झोपतो. ज्या दिवशी त्याच्या अंगातून सर्वांत जास्त प्रोटीन जातं, त्याच दिवशी तो सर्वांत कमी खातो. आठवड्यातून दोनदा, तीनदा. त्याला मी सांगितलं, बायकोला रात्रीच डबा भरायला सांग: दोन भाकरी, सुकी डाळ, चार पांढरे. डायलिसिस चालू असताना खाल्लं की काहींचं बीपी पडतं, म्हणून कधी खायचं हे त्याच्या डॉक्टरांना विचारून ठरवलं. तो मशीनवरून उतरून अर्ध्या तासानं खातो.

डबा ज्याच्याकडे आहे त्याचं भागलं. ज्याच्याकडे नाही त्याचं काय? क्षयरोगाच्या रुग्णाला औषधाबरोबर खाणंही लागतं हे सरकारनं मान्य केलंय. एप्रिल २०१८ पासून निक्षय पोषण योजनेत त्याच्या खात्यात महिन्याला ५०० रुपये जमा होऊ लागले, आणि नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम १००० झाली. डायलिसिसच्या रुग्णाच्या ताटासाठीही अशीच सोय झाली पाहिजे, आणि ती मागणी रुग्णांच्या घरांनी, डॉक्टरांनी, आमच्यासारख्यांनी मिळून लावून धरली पाहिजे. प्रत्येक डायलिसिस केंद्रात महिन्याचा अल्ब्युमिनचा आकडा रुग्णाच्या हातातल्या वहीत लिहिला गेला पाहिजे. तो ०.३ नं घसरला तरी कुणीतरी त्याच्या शेजारी बसून विचारलं पाहिजे: काय खाता, कुठं दुखतं, कॅथेटर किती दिवसांचं, खेप चुकली का.

तोपर्यंत हातात असलेलं एक काम आहे. जळगाव-धुळ्यात वाढदिवसाला, पुण्यतिथीला, गणेश मंडळाच्या उपक्रमात सरकारी रुग्णालयात फळवाटप होतं. टोपल्या डायलिसिसच्या वॉर्डातही येतात, त्यांत केळी असतात, आणि देणाऱ्याचा हेतू निर्मळ असतो. त्या सर्वांना माझी हात जोडून विनंती आहे. या वॉर्डात येण्याआधी तिथल्या सिस्टरांना एक फोन करा. फळांऐवजी उकडलेल्या अंड्यांचा ट्रे आणा, माळकऱ्यांसाठी ताज्या पनीरची पुडकी आणा, आणि जमलं तर वर्षातून एकदा येण्याऐवजी आठवड्यातला एखादा वार कायमचा आपल्या अंगावर घ्या.